माकडताप आणि नकाशा: मेलेलं माकड नेमकं कुठे पडलं हे कळलं तर पुढचा ताप कुठे येईल ते सांगता येईल का?

काजूबाग | रविवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज सवड मिळाली म्हणून लिहायला बसलो, लांबण लागली तर सांभाळून घ्या. मी मूळचा दोडामार्ग तालुक्यातला, कामाला पुण्यात, जीआयएसमध्ये, म्हणजे दिवसभर सॅटेलाइट इमेज, गावांच्या शिवा, उताराचे नकाशे हेच. घरी बाबांची काजूची बाग आहे, वरच्या अंगाला जंगल आणि खालच्या अंगाला व्हाळ, म्हणजे ओढा. जानेवारी उजाडला की आईच्या फोनवर काजूच्या मोहराच्या आधी माकडतापाचा विषय निघतो, कोणाला ताप आला, कुठे माकड मेलं, कोणाचं रक्त तपासायला नेलं.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. पुस्तकी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. माकडं मरतायत म्हटल्यावर आधी धास्ती बसली ती पीतज्वराची, तो भारतात शिरला की काय म्हणून. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधल्या (आताची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही) लोकांनी विषाणू शोधला, आणि गोचिडीतून पसरणारा हा वेगळाच आजार निघाला. तिथले गावकरी त्याला मंगन कायिले म्हणायचे, माकडांचा आजार. म्हणजे माकड मरणं आणि माणूस आजारी पडणं यांचा संबंध गावाने आपल्या डोळ्यांनी जोडला होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्यानंतर पन्नासेक वर्षं नोंदी फक्त कर्नाटकातल्या जिल्ह्यांत. मग २०१२ च्या शेवटी बांदीपूर, २०१३ ला वायनाड आणि निलगिरी, २०१५ ला गोव्यात सत्तरीतलं पाली, २०१६ ला आमच्या दोडामार्गातलं केर, २०१७ ला सावंतवाडी तालुक्यात बांदा. टिंबं नकाशावर मांडली तर सह्याद्रीच्या कडेने माळ लागते.

आता माझा मुद्दा. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, गोचीड चावली तरच होतो, म्हणजे आजार माणसाला नाही तर जागेला चिकटलेला आहे. जागेला चिकटलेला असेल तर जागेच्या माहितीवरून त्याचा अंदाज बांधता यायला हवा. जंगल कुठलं आहे, लागवड किती, गुरं किती, उतार काय, बांध कुठे, हे सगळे लेयर, म्हणजे नकाशाचे थर, आज मिळतात. शिमोगा जिल्ह्यावर असं काम झालंही आहे, २०२० मध्ये छापून आलं, त्यात दिसलं की ओलं सदाहरित जंगल आणि लागवड यांची जिथे सरमिसळ आहे आणि गावठी गुरं जास्त आहेत तिथे माणसांच्या केसेस जास्त, आणि जिथे कोरडं पानझडी जंगल जास्त तिथे कमी. वाचताना माझ्या अंगावर काटा आला कारण ते वर्णन आमच्या बागेचं आहे, शब्दन् शब्द.

म्हणून गेल्या हंगामात एक प्रयत्न केला. गावातल्या पोरांना सांगितलं की मेलेलं माकड दिसलं की व्हॉट्सॅपवर मला लोकेशन टाका. हंगाम संपेपर्यंत १४ लोकेशन आली. पुण्यात बसून नकाशावर टाकली तर त्यातली ९ एकमेकांना चिकटून, घाटीच्या एका वळणावर. घनतेचा नकाशा काढला तर तिथे लालभडक गोळा. मला वाटलं सापडलं, हीच ती जागा, इथेच आधी गोचीड मारायची पावडर मारायला सांगायचं. तसा मेसेज टाईपसुद्धा केला होता, पण पाठवायच्या आधी बाबांना फोन लावला, म्हटलं बाबा त्या वळणार काय आसा, वडाचा झाड, पाणी, माकडांची वस्ती? बाबा म्हणाले, "थंय? थंय रेंज गावता."

पोरांनी माकड बघितलेलं खाली जंगलात, आणि लोकेशन पाठवलं ते रेंज आली तिथून, काहींनी दुसऱ्या दिवशी दूध घालायला जाताना. म्हणजे माझा नकाशा माकडतापाचा नव्हताच, मोबाईल टॉवरचा होता. त्या दिवसापासून डोक्यात घोळतंय की अंदाज बांधणारं चांगलं मॉडेल नंतरची गोष्ट, आधी ते माकड नेमकं कुठे पडलं हे कसं मिळवायचं? इथे आरोग्य खात्यातले, गुरांचे डॉक्टर, विदावाले (डेटावाले) बरेच आहेत. कृपया मनमोकळं लिहा.

नकाशावेडी | रविवार, सकाळी ११:०५

काजूबाग, लेख वाचून लगेच लॉगिन केलं. तुमची रेंजवाली गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, चालेल ना? मी रिमोट सेन्सिंग शिकवते आणि पोरं हाच धोका पत्करत असतात, पॉइंट आला की तो खरा.

एक लगेच सांगते, मोबाईलच्या जीपीएसला रेंज लागत नाही. उपग्रहाचा सिग्नल वेगळा, टॉवरचा वेगळा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू ठेवून तिथेच फोटो काढला तर फोटोच्या आत अक्षांश रेखांश बसतात, मग तो रेंजमध्ये आल्यावर पाठवा. फक्त व्हॉट्सॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती आतली माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दाट झाडीखाली १५-२० मीटर इकडेतिकडे होतं पण त्याने काही बिघडत नाही.

दुसरं, काजू आणि जंगल. तुमच्या भागाची इमेज मी बघितली आहे. काजू सदाहरित, त्यामुळे सेंटिनेल उपग्रहाच्या १० मीटरच्या पिक्सेलमध्येसुद्धा जुनी दाट काजूबाग आणि शेजारचं जंगल बऱ्याचदा एकच दिसतं. रबराची लागवड पानं गाळते तेवढ्या दिवसांत वेगळी ओळखता येते, काजूचं तसं नाही. पावसाळ्यात तर चार महिने ढगांशिवाय काही दिसतच नाही, रडारची इमेज वापरावी लागते. म्हणजे ज्या लेयरवर मॉडेल उभं राहणार, जंगल आणि लागवडीची सरमिसळ, तोच लेयर कोकणात कच्चा. गावात फिरून ही बाग, हे रान, हा मांगर (बागेतली झोपडी) असं खुणावून घेतलं तरच तो सुधारेल.

सिस्टर_सिंधुदुर्ग | रविवार, दुपारी १:४०

काजूबाग भाऊ, मी सिंधुदुर्गातच नोकरी करते, कुठल्या केंद्रात ते लिहीत नाही. २०१७ च्या हंगामात मी गावोगाव तापाचे रुग्ण शोधत फिरलेय, ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. नमुने तेव्हा मणिपालला नाहीतर पुण्याला जायचे, रिपोर्ट यायच्या आत दुसऱ्या घरातला माणूस आडवा. एकदम थंडी भरून ताप, डोकं फुटल्यासारखं, कंबर आणि पोटऱ्या धरून माणूस रडतो, काहींना उलट्या, काहींच्या हिरड्यांतून रक्त. बरेच जण बरे होतात पण महिना दोन महिने अंगात बळ नसतं, आणि काही आमच्या डोळ्यांदेखत गेले.

तुमच्या मुद्द्यावर येते. तुम्ही माकडाच्या लोकेशनचं म्हणता, माणसाचं तरी कुठे बरोबर आहे? केसपेपरवर आपण लिहितो रुग्णाचा पत्ता, म्हणजे घर. पण गोचीड घरात चावली की बागेत? आमच्याकडे एक बाई होत्या, घर रस्त्याकडेला, आजूबाजूला शेतं, जंगलाचं नाव नाही. कागदावर त्यांचं गाव लागलं, त्या गावात सर्वे झाला, पावडर टाकली. चार दिवसांनी मी त्यांच्या अंथरुणाशी बसून सावकाश विचारलं, ताई गेल्या आठवड्यात कुठे कुठे गेलात, तेव्हा सांगितलं की दुसऱ्या तालुक्यात जावयाच्या बागेत बी वेचायला आठ दिवस राहिल्या होत्या. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण ३ ते ८ दिवस लागतात, म्हणजे हिशोब त्या बागेचा लागतो. आणि त्या बागेकडे कोणीच फिरकलं नव्हतं.

मजुरांचं तर आणखी कठीण. बागेत राखणीला नेपाळी लोक असतात, ताप आला की कधी गावी निघून जातात तर कधी भलत्याच दवाखान्यात दिसतात. तुमच्या नकाशावर ते कुठे येणार? म्हणून मी आता केसपेपरच्या पाठीमागे पेनाने लिहून ठेवते, "आजारापूर्वी ८ दिवस कुठे". फॉर्ममध्ये तो रकाना नाही.

काजूबाग | रविवार, दुपारी २:१५

सिस्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पाठीमागे पेनाने लिहिलेली ती ओळ म्हणजे खरी विदा आहे. अशा किती केसपेपरच्या पाठी भरल्या असतील कोणास ठाऊक.

नकाशावेडी, अवश्य सांगा विद्यार्थ्यांना. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच पोरांना कळवतो.

गुरांचा_डॉक्टर | रविवार, संध्याकाळी ६:३०

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. गुरांबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. कोणी म्हणतं गुरांमुळे माकडताप होतो, गुरं विका, कोणी म्हणतं गुरांचा काही संबंधच नाही. खरं असं की गुरांच्या अंगात हा विषाणू फारसा वाढत नाही, ती तो पुढे देत नाहीत. पण गोचिडीला पोसतात ती गुरंच. पावसाळ्यात मोठी गोचीड गुराच्या अंगावर रक्त पिते, कानाच्या आत, कासेच्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी, फुगून करवंदाएवढी होते, मग गळून पडते आणि पाचोळ्यात हजारो अंडी घालते. पावसाळा सरता सरता त्यातून बारीक पिल्लं निघतात, आणि थंडी पडली की मधल्या अवस्थेतली, तिळाएवढी, जी माकडालाही चावते आणि माणसालाही. म्हणून तुमचा हंगाम डिसेंबर ते मे. गोचीड तयार होते पावसाळ्यात, आपण जागे होतो जानेवारीत.

यात जागेचा मुद्दा असा की गूर चालतं. सकाळी गोठ्यातून निघालं, पायवाटेने रानात गेलं, पाणवठ्यावर टेकलं, परत आलं. गोचीड कुठे गळली? त्या वाटेवर. पशुगणनेचा आकडा गावाचा असतो, अमुक गावात इतकी गुरं. ती चरायला कुठल्या रानात जातात ते कुठल्याच कागदावर नाही, गुराख्याला विचारलं तर तो काठीने जमिनीवर वाट काढून दाखवतो. काजूबाग, तुम्ही नकाशेवाले आहात, त्या वाटा काढा. मॉडेलला गावातल्या गुरांच्या संख्येपेक्षा त्या वाटांचा जास्त उपयोग होईल असं माझं अनुभवावरून ठाम मत आहे.

आणि रानातल्या गोचिडी मोजायचं साधन अगदी साधं आहे, पांढरं फडकं काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढत न्यायचं आणि दर काही पावलांनी उलटून बघायचं किती चिकटल्या. ओढणाऱ्याने अंगभर कपडे, पायमोजे, हाताला गोचीड दूर ठेवणारं तेल लावून, आणि खात्याच्या लोकांबरोबरच. हौसेने कोणी करू नये, हात जोडून सांगतो.

विदा_आणि_मी | रविवार, रात्री १०:५०

उशिरा आले धाग्यावर. मी सांख्यिकीवाली, परदेशात असते, साथीच्या आजारांच्या मॉडेलवर काम करते पण डास आणि पाणी यांच्यावर, गोचिडीवर नाही, तेव्हा तेवढं लक्षात ठेवून वाचा.

जागेच्या माहितीवरून अंदाज खरोखर जमलेलं एक उदाहरण सांगते म्हणजे उमेद राहील. पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली फिव्हर म्हणून आजार आहे, गुरं, मेंढ्या आणि मग माणसं. त्याच्या डासांची अंडी कोरड्या सखल जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतात, जोराचा पाऊस पडून ते खळगे भरले की एकदम डास. २००६ च्या शेवटी समुद्राचं तापमान, पाऊस आणि उपग्रहातून दिसणारी हिरवाई हे तिन्ही एकत्र बघून नासाच्या असाफ अन्यांबा यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोक्याचे भाग नकाशावर दाखवले, माणसांत पहिल्या केसेस सापडायच्या २ ते ६ आठवडे आधी. तो इशारा जमला कारण आजाराची साखळी त्यांना दशकं आधीपासून माहीत होती आणि प्रत्येक कडी आकाशातून दिसत होती, पाऊस दिसतो, भरलेला खळगा दिसतो, हिरवळ दिसते.

माकडतापात गोची इथेच आहे. जंगलाची कड दिसते, लागवड दिसते. माकडाचा मृत्यू आकाशातून दिसत नाही. पाचोळ्यातली गोचीड दिसत नाही. म्हणजे मधल्या कड्या जमिनीवरच्या माणसानेच भरायच्या.

आणि उलटं उदाहरण गूगल फ्लू ट्रेंड्सचं. लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लूचा अंदाज, २००८ ला गाजावाजा झाला, २०१२-१३ च्या हंगामात प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट आकडा दाखवला आणि २०१५ ला बंद केलं. विदा अफाट होती, पण ती आजार मोजत नव्हती, आजाराची चर्चा मोजत होती. तुमचं घाटीचं वळण तेच आहे काजूबाग, फक्त १४ टिंबांचं.

आता एक तांत्रिक सूचना आणि ती मनापासून करते कारण यात भलेभले फसतात. मॉडेल तपासताना काही टिंबं बाजूला ठेवून बाकीच्यांवर मॉडेल शिकवतात आणि बाजूच्या टिंबांवर परीक्षा घेतात. ती टिंबं चिठ्ठ्या टाकून उचलली तर प्रत्येक लपवलेल्या टिंबाचा सख्खा शेजारी शिकवणीत असतोच, मग ९० टक्के बरोबर येतं आणि सगळे खूश. जागेची विदा म्हणजे शेजारी शेजाऱ्यासारखाच. तेव्हा अख्खा एक पट्टा झाका, समजा सगळं बांदा झाकून दोडामार्गावर शिकवा आणि मग बांदा ओळखता येतं का बघा. त्याहून खरी परीक्षा म्हणजे डिसेंबरआधी नकाशा काढून कपाटात बंद करून ठेवायचा आणि मेमध्ये उघडायचा.

पुणे_३० | सोमवार, सकाळी ९:२०

छान चर्चा. मी यातला नाही पण गेल्या वर्षी घरात दोघांना डेंग्यू झाला म्हणून वाचतोय. शहरात असं काही होतं का? पुण्यात आमच्या पेठेत जास्त आणि कोथरूडमध्ये कमी असं आधी सांगता येईल?

विदा_आणि_मी | सोमवार, दुपारी १२:३५

पुणे_३०, घरचे आता बरे असतील ही आशा. पुण्याच्या डेंग्यूवर आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कॉल यांचं काम २०२५ च्या जानेवारीत आलंय. त्यात दिसलं की २७ ते ३५ अंश तापमान, पावसाळाभर सारखा पसरलेला मध्यम पाऊस आणि दमट हवा असली की पुण्यात डेंग्यूचे मृत्यू वाढतात, आणि आठवड्यात १५० मिमीच्या वर पाऊस झाला तर उलट कमी होतात कारण अंडी आणि अळ्या वाहून जातात. त्यावरून दोन महिन्यांहून आधी इशारा देता येईल असं ते म्हणतात. पण तो इशारा कधी याचा आहे, पेठ की कोथरूड याचा नाही. गल्लीपर्यंत जायचं तर गल्लीपर्यंतची विदा हवी, टाक्या, पिंप, बांधकामं, आणि रुग्णाचा पत्ता तारखेसकट.

सत्तरीकर | सोमवार, रात्री ८:१०

मी गोव्यातल्या सत्तरीतून. २०१५ साली पालीत जे झालं ते आम्ही जवळून पाहिलंय, काजूच्या हंगामात माणसं जी बागेत गेली ती तापाने परत आली, सुरुवातीला कोणालाच कळेना हे काय आहे. तेव्हा या धाग्याचं मोल मला कळतं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नकाशावर गाव लाल झालं की त्या गावचं काय होतं याचा विचार करून नकाशा काढा. आमच्या ओळखीतल्या एका वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव तेव्हा एकदा छापून आलं. त्या वर्षी बागेत मजूर यायला तयार होईनात, बोंडू (काजूची फळं) झाडाखाली सडले, हुर्राक (काजूची दारू) काढायला माणूस नाही. एका घरची सोयरीक पुढे ढकलली गेली. आणि त्याचा परिणाम असा झाला की दुसऱ्या वर्षी माकड मेलेलं दिसलं तरी लोकांनी खड्डा करून पुरलं आणि तोंड मिटलं. सांगितलं तर परत नाव येणार. म्हणजे लाल रंगाने पुढच्या वर्षीची माहितीच बंद केली. पुरताना हात लावला ते वेगळंच, त्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी कुठे गेल्या देव जाणे.

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९:००

सत्तरीकर, शंभर टक्के सहमत. आणि हे सगळ्यांनी नीट वाचा: मेलेल्या माकडाला कोणीही हात लावू नये, काठीनेसुद्धा ढकलू नये, जवळ उभं राहू नये. माकड मेलं की अंग थंड पडतं आणि गोचिडी ते सोडून उतरतात, नवीन अंग शोधतात. त्या जागेभोवतीचा पाचोळा काही दिवस सगळ्यात धोक्याचा. दुरून फोटो काढा आणि वनखात्याला, आमच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात कळवा, ते येऊन भोवताली पावडर टाकतात, नमुना घेतात. आणि हे सगळं ताजेपणी व्हायला हवं, दोन दिवसांनी गेलो तर कुजलेल्या माकडातून तपासणीला फार काही मिळत नाही.

नकाशावेडी | मंगळवार, सकाळी ७:५०

सत्तरीकर, रात्रभर तुमचा प्रतिसाद डोक्यात होता. यावर नकाशाच्या बाजूने एक करता येतं. दोन नकाशे वेगळे ठेवायचे. एक आरोग्य खात्याच्या आतला, ज्यात अचूक जागा, तारीख सगळं. दुसरा लोकांसाठी, ज्यात गावाचं नाव किंवा घराचं टिंब नाहीच, फक्त जंगलाच्या कडेपासूनचा पट्टा आणि महिना, की या पट्ट्यात जानेवारी ते एप्रिल तेल लावल्याशिवाय जाऊ नका. पट्टा तीन गावांतून जातो, कोणाचं एकट्याचं नाव येत नाही.

आणि उलट बाजू, पांढऱ्या जागा. नकाशावर पांढरं म्हणजे आजार नाही असं आपण धरतो. २०१२ पर्यंत निलगिरी पांढरी होती, सत्तरी पांढरी होती, दोडामार्ग पांढरा होता. तिथे आजार नव्हता की कोणी बघितलं नव्हतं, हे त्या नकाशावरून सांगता येत नाही. काजूबाग, तुमच्या नकाशात तिसरा रंग ठेवा, "इथे कोणी शोधलं नाही" म्हणून. मला तो लालपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची केस बऱ्याचदा तिथूनच येते.

सिस्टर_सिंधुदुर्ग | मंगळवार, रात्री १०:२०

नकाशावेडी ताई, तो तिसरा रंग मला फार पटला. आमच्या मीटिंगमध्ये शून्य केसेस लिहिलं की सगळे समाधानी. त्या गावात आशाताईची जागा रिकामी आहे म्हणून शून्य, हे कोणी विचारत नाही.

पातेऱ्याचं, म्हणजे वाळल्या पानांचं, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जानेवारी फेब्रुवारीत बायका रानातून पातेरा गोळा करून आणतात, भाजावळीला (शेत भाजायला) आणि गोठ्यात घालायला, मोठे मोठे भारे डोक्यावर, आणि ढीग घालतात पडवीला लागून. त्या पातेऱ्याबरोबर गोचीड घरात येते, पोरं त्या ढिगावर खेळतात. म्हणजे रुग्ण बागेत गेलाच नाही असं सांगतो तेव्हा मी आधी पडवीकडे बघते. तुमच्या सॅटेलाइटला माझी एक विनंती, जंगलाची कड मोजताना ही घराला चिकटलेली कडही मोजा कशीतरी. लस होती ती कर्नाटकात बरीच वर्षं दिली, पण परिणाम कमी पडला म्हणून ती थांबली, नवीन येईपर्यंत आमच्या हातात तेल, अंगभर कपडे, गरम पाण्याने आंघोळ आणि लवकर दवाखान्यात आणणं एवढंच आहे.

काजूबाग | गुरुवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन दिवस रजा टाकून गावी आलोय, तिथूनच लिहितोय, वळणावर उभा राहून, कारण घरी रेंज नाही.

काल सकाळी गावातल्या जुन्या गुराख्याबरोबर फिरलो, वय सत्तरच्या पुढे. डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसंच, त्यांनी काठीने पाच वाटा काढून दाखवल्या, मग मी फोनवर ट्रॅक चालू ठेवून त्यांच्या मागून चाललो. अर्ध्या वाटा माझ्या कुठल्याच लेयरमध्ये नाहीत. दोन वाटा जिथे व्हाळावर एकत्र येतात तिथे पाणवठा आहे, वर मोठी झाडं, माकडांचा कळप रात्री तिथेच असतो असं ते म्हणाले, आणि तिथून साठेक पावलांवर आमच्या बागेचा गडगा (दगडी कुंपण). मी लहानपणापासून त्या गडग्यावर बसून बी फोडत आलोय. पुण्यातून इमेज बघताना ती जागा मला एकसारखी हिरवी दिसायची.

मग गेल्या वर्षीच्या १४ लोकेशनवाल्या पोरांना एकेकाला घेऊन बसलो. नकाशा दाखवून काही कळेना त्यांना, वरून बघायची सवय नाही. म्हणून विचारलं, माकड कुणाच्या बागेच्या वरच्या अंगाला, कुठल्या व्हाळाकडे, कुठल्या झाडाखाली? असं विचारल्यावर १४ पैकी ११ जागा मिळाल्या, जाऊन बघून आलो दुरून. आमच्याकडे प्रत्येक जागेला नाव आहे, कोंड, मळी, सडा, देवराईची खालची बाजू, ती नावं नकाशात नसली तरी गावाच्या तोंडात आहेत. त्या ११ मधली ७ पाणवठ्याकडे जाणाऱ्या दोन वाटांच्या आसपास आहेत. घाटीच्या वळणावर एकही नाही. ११ टिंबांवरून मी कसलाही दावा करणार नाही, विदा ताईंनी सांगितल्याप्रमाणे डिसेंबरच्या आत नकाशा काढून बंद करून सिस्टरकडे देणार, मे महिन्यात उघडू.

आईने पातेऱ्याचा ढीग पडवीपासून हलवायला परवानगी दिली, थोडी कुरकुर करून.

सत्तरीकर | शुक्रवार, सकाळी ६:४५

काजूबाग, माझ्या बाजूलाही तीन वाड्यांवर हे करायची इच्छा आहे, शीव तुमची आमची एकच आहे आणि माकडं काही हद्द बघून फिरत नाहीत. तुमचा फॉर्म पाठवाल का? कोकणीत मी करून घेईन. गावाचं नाव बाहेर जाणार नाही एवढं आधी सांगा, लोक तेच पहिलं विचारतील.

काजूबाग | शुक्रवार, सकाळी ७:१०

नाव बाहेर जाणार नाही, फॉर्मच्या पहिल्या ओळीत तेच लिहिलंय. आज संध्याकाळी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. सगळा मिळून सहा प्रश्नांचा आहे, आणि त्यातले दोन मुद्दाम वेगळे ठेवलेत: "माकड कुठे पडलं होतं?" आणि "हे लिहिताना तुम्ही कुठे उभे आहात?"